गावच्या यादीतलं नाव दिल्लीला कसं न्यायचं

घर गुहागरला, नोकरी दिल्लीत आणि मत अजून गावच्या यादीत, अशी कोकणातली माणसं पुष्कळ. मतदानाला गावी पोचणं जमत नाही, दिल्लीच्या यादीत नाव नाही, म्हणजे मत दोन्हीकडून वाया. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नाव तुम्ही नेहमी राहता तिथल्या यादीत हवं. गावात नुसतं घर नावावर असल्याने तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही.

घरची मंडळी अडवतात ती एका भीतीपोटी: नाव कमी केलं तर जमिनीवरचा हक्क जाईल. तसं होत नाही. सातबारा महसूल खात्याचा, त्याचा मतदार यादीशी काही संबंध नाही. जातं ते ग्रामपंचायतीचं मत, कारण तिची यादी विधानसभेच्या यादीवरूनच बनते. सरपंच निवडण्यात तुमचा जीव असेल तर याचा आधी नीट विचार करा.

मग पिनकोड पाहा. दिल्लीचा ११० ने सुरू होतो. नोएडाला राहणारा गावी "दिल्लीत असतो" म्हणूनच सांगतो, पण त्याचं मत उत्तर प्रदेशात; गुरुग्रामवाल्याचं हरियाणात.

आता अर्ज. भरायचा तो फॉर्म ८. निवडणूक आयोगाच्या मतदार संकेतस्थळावर तो मिळतो. अडचण आली तर १९५० वर फोन करा. मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाका, "निवासस्थान बदल" निवडा आणि त्याखाली "विधानसभा मतदारसंघाबाहेर" वर खूण करा. पत्ता दिल्लीचा. पुराव्याला आधार, बँकेचं पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार किंवा वीज-पाणी-गॅसचं बिल चालतं. आधारवर गावचाच पत्ता असेल तर तो पुरावा इथे कामाचा नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फॉर्म ६ भरणं. तो पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. आधीचं नाव असताना तो भरला की नाव दोन ठिकाणी लागतं आणि कायद्याने ते चालत नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नावाचं लेखनही बारकाईने पाहा. दिल्लीच्या यादीत हिंदी असते. "कुडाळकर"चं "कुडालकर" सहज होतं.

चौकशीला केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, घरी येतो. दाराला कुलूप दिसलं तर अर्ज अडकू शकतो, म्हणून शेजाऱ्यांना सांगून ठेवा. हरकतींसाठी ७ दिवस जातात, आणि उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत बदल होत नाही. निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

नाव लागलं की दिल्लीत ७ पैकी एका खासदाराला आणि ७० पैकी एका आमदाराला मत देता येतं. दिल्लीला विधानसभा मिळाली ती १९९१ च्या ६९व्या घटनादुरुस्तीने. पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय तिच्या हाती नाहीत. घराजवळ चोऱ्या वाढल्या तर आमदाराइतकंच खासदाराच्या मागे लागा. नगरसेवकाचं मत मात्र सगळ्यांना नाही: महानगरपालिकेचे २५० प्रभाग आहेत, तर नवी दिल्ली नगरपरिषदेच्या हद्दीत नगरसेवक निवडलेच जात नाहीत.

फौजेतल्यांसाठी नियम वेगळा. त्यांना सेवा मतदार म्हणून गावच्या यादीत राहता येतं.

शेवटी दोन्ही याद्या उघडून पाहा. गावचं नाव तसंच दिसलं तर ते काढायला फॉर्म ७ भरा.