लिटमस पेपर वापरताना या चुका टाळा (खास करून पावसाळ्यात आणि आगळाच्या बाबतीत)

डिचोलीत नववी-दहावीच्या पोरांचं सायन्सचं प्रॅक्टिकल घेते. आम्लात निळा लिटमस लाल होतो, आम्लारीत लाल लिटमस निळा होतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हातात पट्टी दिली की दरवर्षी त्याच चुका, आणि त्या बघून बघून आता खरंच कंटाळा आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती आगळाची चूक. विज्ञान प्रदर्शन आलं की कुणीतरी कोकमाचं आगळ (कोकमाचा दाट, खारट रस) आणतंच, घरात बरणी असते ना. एका वर्षी माझ्याच वर्गातल्या तीन पोरांनी निळी पट्टी थेट आगळात बुडवली, ती लालभडक झाली, लगेच तक्त्यावर "आम्ल सिद्ध" लिहून मोकळे. मी म्हटलं बाबांनो, आगळात साधा पांढरा फिल्टर पेपर बुडवा बघू. तो पण लाल! शेजारच्या टेबलावर बीट किसून भिजवलेलं पाणी होतं, त्याचा थेंब निळ्या पट्टीवर टाकला, तिथेही लाल डाग. मग बीट काय कोकमाइतकं आंबट? पोरं गप्प. आगळ आम्ल आहेच, त्यात वाद नाही, पण ती पट्टी आम्लाने बदलली की आगळाने रंगली हे तुम्हाला कळलंच नाही, म्हणजे तुम्ही काहीच सिद्ध केलं नाही.

माझी सवय सांगते. एक चमचा आगळ अर्ध्या ग्लास पाण्यात घालायचं, फिकट गुलाबी होईपर्यंत. मग काचेच्या कांडीने एक थेंब निळ्या लिटमसवर आणि एक साध्या फिल्टर पेपरवर, दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. फिल्टर पेपरवर जेमतेम गुलाबी झाक आणि लिटमसवर ठळक लाल, तर तो बदल लिटमसचा. दोन मिनिटं जास्त लागतात, पण ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी रंगीत वस्तू घेऊच नयेत, माडाचं विनेगर घ्यावं, काम होतं. (आगळ स्वतःच दर्शक आहे बरं का, म्हणजे लिटमससारखंच आम्ल-आम्लारी रंग बदलून दाखवतं, त्यात सोडा टाकत गेलात की लाल जाऊन निळसर जांभळं व्हायला लागतं. प्रदर्शनात मांडायचंच तर हे मांडा, लिटमसपेक्षा छान दिसतं.)

दुसरी चूक पट्ट्या ठेवण्याची, आणि ती पोरांची नाही, आपली मोठ्यांची. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या वह्यासुद्धा ओल्या लागतात. एका जुलैत प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी पाकीट उघडलं तर निळ्या पट्ट्या कडेने गुलाबी, मधल्या जांभळट. कारण शोधायला वेळ लागला नाही, त्याच खणात हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली होती आणि तिचं बूच सैल. कोरडा वायू कोरड्या कागदाला काही करत नाही, पण पावसाळ्यात कागद हवेतली ओल धरतो आणि मग ती वाफ त्यात विरघळून आम्ल तयार होतं. चाळीस पोरं दारात उभी आणि माझ्याकडे एक धड निळी पट्टी नाही. कुणीतरी सुचवलं की अमोनियाच्या बाटलीवर धरा, परत निळ्या होतील. होतात, पण अमोनिया उडून गेला की पुन्हा रंग उतरतो, मग पोरांनी काय निरीक्षण लिहायचं? असले शॉर्टकट मला पटत नाहीत. प्रॅक्टिकल दुसऱ्या दिवशी घेतलं. तेव्हापासून पट्ट्या घट्ट झाकणाच्या डबीत, आत सिलिका जेलची पुडी, आणि आम्ल-अमोनियापासून वेगळ्या कपाटात. पट्टी चिमट्याने काढायची, घामट बोटांनी नाही.

याच्या उलट चूक वायू तपासताना, तिथे कोरडी पट्टी धरून "बदल नाही" लिहितात. अमोनियासाठी लाल पट्टी पाण्याने ओली करा, मगच निळी होईल.

निळी पट्टी निळीच राहिली म्हणजे पदार्थ आम्लारी, असं लिहिणाऱ्यांचे मी सरळ मार्क कापते. मिठाच्या पाण्यातही ती निळीच राहते. लाल पट्टी लावून बघा, दोन्ही लावल्याशिवाय निष्कर्ष नाही.

ब्लीचिंगच्या पाण्यात लाल पट्टी आधी निळी आणि मग पांढरी होते, क्लोरीन रंगच खाऊन टाकतो. पहिल्या क्षणी बघा, आणि आम्ल जवळ आणू नका, विषारी वायू सुटतो.

आणि हो, पट्टी बाटलीत बुडवू नका, थेंब पट्टीवर आणा. बुडवलीत की बाटलीतलं द्रावण बिघडलं.

आता बागायतवाल्यांसाठी. माडाच्या, सुपारीच्या मुळातली माती पाण्यात कालवून लिटमस लावतात आणि जांभळट काहीतरी दिसलं की मला फोटो पाठवतात. लिटमसचा रंग साधारण ४.५ ते ८.३ पीएचच्या (पीएच म्हणजे आम्लपणा मोजायचं माप) मध्ये हळूहळू बदलतो, आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असली तरी बऱ्याचदा याच आकड्यांच्या मध्ये येते, त्यात तांबड्या मातीचा रंग कागदाला लागतो तो वेगळाच. चुना किती घालायचा हे त्यावरून कळणार नाही. माती वाळवून, चाळून कृषी खात्याकडे तपासायला द्या.