घोड्यांचा ट्रेलर ओढायला गाडी निवडताना या चुका टाळा

ट्रेलर जोडला, दोन घोडे चढवले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ती सहज निघाली. बहुतेकांची परीक्षा इथेच संपते. ‘काय मस्त ओढतेय!’ म्हणत लोक हायवेला लागतात. पण सपाट रस्त्यावर अडीच टन हलवणं आजच्या कुठल्याही बऱ्या इंजिनाला जमतं. तेच अडीच टन उतारावर, ओल्या रस्त्यावर, पुढे कोणी अचानक आडवं आलं तर थांबवता येतात का? शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला की ट्रेलर गाडीला हलवतो की गाडी ट्रेलरला धरून ठेवते? गाडी ठरवायची ती हे पाहून.

मी हे चुका करून शिकलो. माझी पहिली गाडी आखूड बांध्याची एसयूव्ही होती. माहितीपत्रकातला आकडा ट्रेलरच्या वजनापेक्षा मोठा होता, म्हणून मी निर्धास्त होतो. एका लांबलचक उतारावर मागून धक्के बसायला लागले. मी ब्रेक दाबायचो, गाडी मंदावायची आणि लगेच ट्रेलर येऊन ढकलायचा. खाली पोचून मागचं दार उघडलं तेव्हा घोडी मानेपासून मांड्यांपर्यंत घामाने निथळत होती. मागचे दोन्ही पाय फाकवून उभी होती आणि छातीपुढच्या आडव्या दांड्याला घासून तिथले केस गेले होते. जखम कुठेच नव्हती. पण पुढचे कित्येक आठवडे रॅम्पपाशी आली की ती पाय रोवायची, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

वजन ‘साधारण’ धरणं

‘ट्रेलर हजार-बाराशे किलोचा, घोडे पाचशे-पाचशेचे’ असा तोंडी हिशेब सगळे करतात आणि तो जवळजवळ नेहमी कमी भरतो. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर बांधणीनुसार साधारण १,००० ते १,६०० किलोचा असतो. पुढे सामानाची खोली असली तर त्याहून जड. मध्यम बांध्याचा घोडा ४५० ते ६०० किलो भरतो, थोराड जातीचा याच्याही वर जातो. मग येतं ते सामान, जे कोणी धरतच नाही. खोगिरं, लगाम, चंदीची पोती, गवताचे गठ्ठे, खालच्या जाड रबरी मॅट. पाणी तर लिटरमागे बरोबर एक किलो, म्हणजे ८० लिटरची टाकी भरली की ८० किलो वाढले.

मधला आकडा धरू. ट्रेलर १,३००, दोन घोडे १,१००, सामान आणि पाणी २००. झाले २,६०० किलो. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर करतो.

जुना ट्रेलर घेतला असेल तर त्यावरच्या पाटीवर विसंबू नका. नंतर कोणी लोखंडी पत्रा ठोकलेला असतो, कोणी फळ्या बदललेल्या असतात. वजनकाट्यावर न्या. एकदा गाडी एकटी, मग घोडे आणि सामानासकट भरलेला ट्रेलर जोडून. दुसऱ्या वेळी गाडीचं पुढचं एक्सल, मागचं एक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि मला विचाराल तर या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं.

माहितीपत्रकातला एकच आकडा वाचणं

‘३,००० किलो ओढते’ हे ठळक छापलेलं असतं. पेलोड मात्र शोधावा लागतो, तो बऱ्याचदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सापडतो. पेलोड म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन. माणसं, डिकीतलं सामान, मागे बसवलेला हिच (ट्रेलर जोडायचा सांगाडा) हे त्यात येतंच, शिवाय ट्रेलरच्या नाकाचं जे वजन हिचवर खाली दाबतं तेही येतं. हे शेवटचं लोक विसरतात.

मागच्या बंपरखालच्या बॉलला, म्हणजे हिचवरच्या गोळ्याला, जोडायच्या ट्रेलरमध्ये नाकाचं वजन ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. म्हणजे आपल्या २,६०० किलोंच्या ट्रेलरचं २६० ते ३९० किलो. आता समजा गाडीचा पेलोड ६०० किलो आहे. तुम्ही, घरचे दोघं आणि मोतद्दार मिळून ३००. डिकीत ६०. हिच २५. उरले २१५. नाकाचं कमीत कमी वजनही त्यात बसत नाही! म्हणजे ३,००० किलो ओढणारी गाडी २,६०० किलोंच्या ट्रेलरला अपुरी पडली, आणि तीही इंजिनात काही खोट नसताना. मागचं एक्सल दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग व ब्रेक या दोन्हींची पकड नेमकी पुढच्याच चाकांवर जास्त अवलंबून असते.

युरोपीय धाटणीच्या गाड्या आणि ट्रेलर कमी नाकवजनासाठी बांधलेले असतात. तिथे हिचवरची मर्यादा १०० किलोंच्या आसपास असणं नेहमीचं आहे. त्यामुळे एका पद्धतीचा ट्रेलर आणि दुसऱ्या पद्धतीची गाडी अशी जोडी जमवताना विशेष जपा. दोन्हींच्या पाट्या वाचा आणि त्यातला लहान आकडा पाळा.

तिसरा आकडा गाडी आणि ट्रेलर मिळूनच्या एकूण वजनाचा. बऱ्याच गाड्यांत भरगच्च गाडी आणि जास्तीत जास्त वजनाचा ट्रेलर हे दोन्ही एकदम चालत नाही, एक वाढवलं की दुसरं घटवावं लागतं. ओढण्याचा छापील आकडा कसा ठरतो हे समजलं की याचं कारण कळतं. अमेरिकेतल्या एसएई जे२८०७ या चाचणीत गाडीत साधारण ६८ किलोंची दोनच माणसं धरलेली असतात. तुमच्या गाडीत चार माणसं आणि वर सामान.

आणखी एक. एकाच नावाच्या दोन गाड्यांची ओढण्याची क्षमता वेगळी असू शकते. मागच्या एक्सलचा गिअर रेशो, ट्रान्समिशन ऑइलचा कूलर, मोठा रेडिएटर यांवर ती ठरते. ‘माझ्या मित्राची हीच गाडी तर ओढते’ हे कारण पुरेसं नाही. ज्या गाडीवर सही करणार, तिचीच पाटी वाचा.

मी स्वतः भरलेला ट्रेलर गाडीच्या मर्यादेच्या पाऊण हिश्शाच्या वर जाऊ देत नाही. उंचावरच्या भागात जाणार असाल तर आणखी जागा ठेवा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटर उंचीला सुमारे दहा टक्क्यांनी घटते.

ताकद बघणं, बांधा न बघणं

घोडा हे जिवंत वजन आहे. लोखंडी सळ्या बांधल्या की हलत नाहीत. घोडा वळणावर तोल सावरतो, माशी बसली की पाय आपटतो, शेजारच्यावर चिडला की अंग फेकतो. त्याचं बहुतेक वजन लांब पायांवर, जमिनीपासून उंच असतं. पाचशे किलो असे अचानक एका बाजूला गेले की तो धक्का हिचमधून गाडीच्या मागच्या टोकाला बसतो. तिथे गाडीचं स्वतःचं वजन आणि व्हीलबेस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कामी येतं. लांब व्हीलबेसची, जड गाडी तो धक्का पचवते. आखूड गाडी कितीही दणकट दिसली, तरी मागून ढकललं की तिचं नाक फिरतं. मागच्या चाकांपासून बॉल जितका लांब, तितका हा परिणाम जास्त.

कॅरॅव्हॅन (राहायची सोय असलेले ट्रेलर) ओढणाऱ्यांत एक जुना सल्ला आहे. नवख्याने भरलेल्या ट्रेलरचं वजन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. घोड्यांच्या ट्रेलरला हे प्रमाण जमवायचं तर फार जड गाडी लागते, पण त्यामागचा विचार मला पटतो. मागचं वजन गाडीपेक्षा जितकं जास्त, तितका तुमचा ताबा कमी.

फोर-व्हील ड्राइव्ह चिखलातून, ओल्या गवतातून निघायला फार उपयोगी आहे. थांबायला त्याची काहीही मदत होत नाही.

ब्रेकचा विचार गाडी घेतल्यावर करणं

वेग ६० वरून ८० केला की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. ती एकट्या गाडीच्या ब्रेकवर टाकायची नसते, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. काही ट्रेलरना इनर्शिया ब्रेक असतात. गाडी मंदावली की ट्रेलर पुढे दाबतो आणि त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. काहींना इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि त्यांना गाडीत ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण, लागतो. ट्रेलर इलेक्ट्रिक ब्रेकचा असेल तर गाडीत त्याची वायरिंग आधीपासून आहे का, हे खरेदीआधीच विचारा. कंट्रोलर प्रपोर्शनल घ्या, म्हणजे गाडी जेवढी मंदावते तेवढाच ट्रेलरचा ब्रेक लागतो. ठरावीक वेळेने जोर वाढवणारे स्वस्त कंट्रोलर घोड्याला हिसके देतात, आणि घोड्याला धरायला हात नसतात.

ब्रेकअवे स्विचची बॅटरीही तपासा. ट्रेलर सुटलाच तर हा स्विच त्याचे ब्रेक लावतो, पण बॅटरी उतरलेली असेल तर काहीच होत नाही.

हिच आणि बॉल ‘बसला की झालं’ म्हणणं

गाडी, रिसीव्हर (गाडीखालची, हिच बसवायची खोबण), बॉल, कपलर (बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड) या प्रत्येकाची क्षमता दिलेली असते. सगळ्यात कमी आकडा असेल तीच तुमची मर्यादा. दोन इंची कपलर पावणेदोन इंचांहून जरा मोठ्या, म्हणजे १ ७/८ इंची बॉलवर बसतो, खटका पडतो, वरून सगळं ठीक दिसतं. मग एका खड्ड्यात तो बॉलवरून उचलला जातो. बॉलच्या माथ्यावर माप कोरलेलं असतं, ग्रीस पुसून वाचा. कपलर बंद केल्यावर जॅकने ट्रेलरचं नाक थोडं उचला. गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर पकड बसली.

मागून गाडी दबते म्हणून सस्पेन्शनला आधार देणारी हवेची पिशवी (एअर बॅग) किंवा जादा स्प्रिंग टाकून घेणारे पुष्कळ आहेत. गाडी सरळ दिसायला लागते, पेलोड मात्र तेवढाच राहतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच खरोखर थोडं वजन पुढच्या चाकांकडे नेतो, पण तो गाडीला आणि ट्रेलरच्या कपलरला दोघांनाही चालतो का, हे पुस्तिकेत बघून मगच लावा.

टायरबद्दल थोडक्यात. गाडी आणि ट्रेलर दोन्हींच्या टायरचा भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) तपासा, हवा थंड टायरमध्ये भरा, आणि नक्षी कोरी दिसली तरी बनावटीची तारीख वाचा. ट्रेलर महिनोन्‌महिने उभे असतात, त्यांचे टायर झिजण्याआधी वयाने जातात.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार असेल तर ओढायला ती छान आहे, पण ट्रेलर जोडला की पल्ला निम्म्यावर येऊ शकतो. शिवाय कितीतरी चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी लागत नाही. घोडे आत असताना ट्रेलर सोडायचा नसतो.

गाडी आहे तीच आहे, आणि काहीतरी बिनसतंय

ट्रेलर शेपटीसारखा डुलतो: बहुधा नाकावर वजन कमी आहे किंवा वेग जास्त आहे. त्या क्षणी गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा. कंट्रोलर असेल तर हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावा. नंतर थांबून सामान पुढे सरकवा, टायर बघा. एकच घोडा असेल तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या कप्प्यात हवा, कारण रस्त्याचा उतार कडेकडे असतो.

स्टिअरिंग हलकं लागतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात: मागे भार जास्त झालाय. नाकाचं वजन मोजा, डिकी रिकामी करा. तरीही तसंच राहिलं तर गाडी लहान आहे.

चढावर गिअर सारखा वरखाली होतो, करपट वास येतो: ट्रान्समिशन ऑइल तापतंय. टो मोड (ओढण्यासाठीची गाडीतली सेटिंग) असेल तर लावा किंवा खालचा गिअर धरून ठेवा. कूलर नसलेल्या गाडीत हे पुन्हापुन्हा झालं तर मोठं बिल येतं.

उतारावर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा जोरात दाबावं लागतं: ब्रेक तापले. थांबा, थंड होऊ द्या. पुढच्या वेळी उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका.

आणि प्रत्येक फेरीनंतर घोड्याकडे बघा. हवा थंड असून घाम, शेपटीच्या मुळाशी घासलेले केस, आतल्या भिंतींवर टापांचे नवे ओरखडे, पातळ लीद, आधी सुखाने चढणारा घोडा रॅम्पवर अडणं. ट्रेलरमधली हवा, जागा, चालवण्याची पद्धत अशी याची इतरही कारणं असतात. पण ती तपासूनही लक्षणं राहिली तर गाडीवर संशय घ्या.

पैसे देण्याआधी

विक्रेता तयार असेल तर तुमचाच ट्रेलर त्या गाडीला जोडून चालवून बघा. घोडे न चढवता, वाळूची पोती नीट बांधून. मोकळ्या जागेत ताशी ४० वरून जोरात ब्रेक लावा आणि ट्रेलर सरळ मागे राहतो का ते पहा. चढावर थांबून पुन्हा निघा. रिव्हर्स घ्या. बाजूच्या आरशांत ट्रेलरची मागची कड दोन्हीकडून दिसते का बघा, नाहीतर वाढीव आरसे लागतील. परतताना वजनकाट्यावरून या आणि पावती पाटीवरच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचा. एक जरी आकडा ओलांडला असेल, तर रंग, किंमत, विक्रेत्याचा शब्द यांतलं काहीही न ऐकता ती गाडी सोडून द्या.