रात्री गाडी काढायच्या आधी बॅग भरून ठेवा भाऊ

मागच्या कापसाच्या सीझनमध्ये घाटंजीहून यवतमाळले मोटरसायकलनं येत होतो, रात्रीचे साडेनऊ, एका ब्रेकरवर गाडी उडाली आन् सगळंच गेलं, लाईट नाही, हॉर्न नाही, इंजिनपण गप. दोन्हीकडे पऱ्हाटी, मोबाईल ९ टक्के. तो मोबाईल दातात धरून साईडचं कव्हर काढतो तर पेचकस घरी! पाऊण तासानं एक कापसाचा ट्रॅक्टर आला, त्या भाऊजवळ पेचकस होता, कव्हर उघडून पाहिलं तर बॅटरीच्या मायनसचा बोल्ट ढिला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं राजेहो.

तेव्हापासून निघायच्या आधी, दिवसा उजेडी, पहिले बॅटरीचे दोन्ही बोल्ट हातानं हलवून पाहतो, हलले की टाईट. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर वायर काढून घासायची, काढताना मायनस आधी आन् लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना चॅसीला टेकला की ठिणगी उडते. मग थोडं व्हॅसलीन. स्वस्तातला मल्टीमीटर घेऊन ठेवा, गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे आन् रेस केल्यावर साधारण १३.५ ते १४.५, रेस करूनपण वर चढत नसेल तर चार्जिंग होत नाहीये, रात्री निघूच नका. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा डबा) गेला समजा, बल्ब उडवतो आन् बॅटरी उकळवतो.

फ्युजचा डबा कुठं आहे हे घरीच शोधा, आन् एकदा अंधारात हातानं चाचपडून काढून पाहा, हसू नका, खरंच करा. दोन-दोन स्पेअर ठेवा, पानवाल्या फ्युजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. जेवढ्याचा गेला तेवढ्याचाच लावायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे लय हुशार आपल्याकडं आहेत, फ्युज वाचते पण वायरिंग जळते. नवीन फ्युज लगेच उडाला तर दुसरा वाया घालवू नका, कुठंतरी वायर घासून बॉडीला लागली आहे, बहुतेक हँडल वळते तिथं, तिथंच पाहा. गोठ्यात गाडी उभी असते त्यांनी सीटखाली उंदरानं काय कुरतडलं तेपण पाहावं.

बॅगमध्ये डोक्याला बांधायचा टॉर्च (मोबाईलचा टॉर्च म्हणजे एक हात गेला), पेचकस, दहाचा पाना, पक्कड, काळी टेप, हातभर वायर. साधा हॅलोजन हेडलाईट असेल तर एक बल्ब सोबत ठेवा, मोज्यात गुंडाळून, काचेला बोट लावायचं नाही. अप्पर गेला तरी डिप्पर बहुतेक चालू असतो, बटन दाबून पाहायचं आन् हळूहळू पुढचं गाव गाठायचं. एलईडीवाल्यांच्या हातात काही नाही, त्यांनी हँडलला टॉर्च बांधायची सोय ठेवा, रोही (नीलगाय) आडवा आला तर निदान दिसंल तरी.

रस्त्यातच लाईट मंद पडू लागला, हॉर्न घोगरा झाला, तर मोबाईल चार्जर आन् वरून लावलेले फोकस आधी बंद, आन् इंजिन बंद करू नका. जुन्या कार्बोरेटरवाल्या बऱ्याच गाड्या किक किंवा धक्क्यावर निघतात, पण २०२० नंतरच्या बहुतेक इंजेक्शनवाल्या गाड्यांत पेट्रोल फेकणाऱ्या पंपालेच करंट लागतो, बॅटरी पूर्ण मेली की कितीपण धक्का मारा. गाडी ठेवावीच लागली तर डांबराच्या पूर्ण खाली घ्या, मागं रेडियम पट्टी आधीच चिकटवलेली असू द्या, आन् कुठं उभे आहात ते घरी सांगा, नेटवर्क आहे तोवरच.

आन् पाण्याची बाटली. ती आपल्याले प्यायला, बॅटरीत नाही ओतायची, तिथं डिस्टिल्डच लागतं.