गावच्या पाण्याचा हिशोब पोरांकडून करून घ्यायचा तर...

पर्यावरण म्हटलं की शाळेत काय होतं, तर ध्रुवीय अस्वलाचा चार्ट, वाघ वाचवाच्या घोषणा आणि 5 जूनचं वृक्षारोपण. त्यात 5 जूनला आपल्याकडे शाळा उन्हाळी सुट्टीवर असतात आणि जमीन अजून तापलेली असते, त्यामुळे ते रोप जगावं असं मनापासून कुणाला वाटतं का हाच प्रश्न आहे. त्यापेक्षा पाणी घ्या. पाऊस, विहीर, बोअर, टँकर हे पोरांच्या घरातले रोजचे विषय आहेत, शिवाय खर्च जवळपास शून्य.

सुरुवात पर्जन्यमापकाने करा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, सरळ भिंतीची असेल तर उत्तम. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा आत बसवा, झालं नरसाळं. बुडाला खळगे असतात म्हणून तिथे खडे टाका आणि खडे बुडून बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची रेघ मारा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. ही बाटली झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्यात ठेवायची, पागोळ्यांखाली तर अजिबात नको. विटांमध्ये दाबून बसवा, वाऱ्याने पडते. रोज सकाळी साडेआठला वाचायची, कारण हवामान खात्याचीही तीच वेळ आहे, म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी तुलना करता येते. वाचून झालं की वरचं पाणी ओतून परत शून्यावर आणा. रविवारी कोण वाचणार हे आधीच ठरवा, सगळा घोळ तिथेच होतो.

वहीत तारीख आणि मिमी सोबत नक्षत्राचाही रकाना ठेवा. मृग कोरडा गेला की आर्द्रा लागल्यावर पडला, हे आजोबांना विचारून यायला सांगा, घरचं म्हातारं माणूस लगेच सामील होतं.

आता खरी मजा. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. हे पुस्तकातून सांगू नका, अंगणात खडूने चौकोन आखून दाखवा. मग गुंठ्यावर या. एक गुंठा साधारण 100 चौ.मी., म्हणजे 10 मिमी पावसात हजार लिटर, गच्चीवरची एक काळी टाकी भरली. आणि एक एकरावर 25 मिमी पडला तर एक लाख लिटर! हा आकडा ऐकला की पोरं स्वतःच विचारतात, मग गेलं कुठं एवढं पाणी?

त्याचं उत्तर मातीत आहे. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत चार बोटं दाबा, तांब्याभर पाणी ओता आणि किती मिनिटांत मुरतं ते मोजा. काळ्या रानात, मुरमाड माळावर आणि शाळेच्या तुडवलेल्या मैदानात, तिन्हीकडे करा. भिजून फुगलेली काळी माती पाणी किती सावकाश पिते ते डोळ्यांनी दिसतं. खाली आपला काळा पाषाण, पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात, त्यामुळे दोन शेजारच्या विहिरींची पातळी वेगळी का, हेही इथेच समजावता येतं.

विहिरीसाठी दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारा आणि खाली दगड बांधा. दोरी मोठ्या माणसानेच सोडायची, पोरं कठड्यापासून लांब उभी राहून गाठी मोजतील, यात सूट नाही. कठडा नसेल तर ती विहीर सोडूनच द्या. महिन्यातून एकदा पुरे, आणि मोटर सुरू असताना मोजू नका.

दिवाळीच्या आधी जमाखर्च मांडा. जमेला पाऊस, खर्चाला माणसं, जनावरं आणि पिकं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने असा ताळेबंद मांडूनच पिकं ठरवली, ऊस-केळीला नको म्हटलं. तुमच्या गावात उसाचं नाव काढलं तर पालकांचे चेहरे वाकडे होतील, होऊ द्या, पण आकडे पोरांनाच वाचू द्या, गुरुजींनी मध्ये भाषण करू नये. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तोपर्यंत जमलेली वही घेऊन जाता आलं तर बेस्ट, सरपंचांशी आधी बोलून ठेवा.

वर्ष संपलं की वही आणि दोरी खालच्या वर्गाकडे द्या. दोरी तीच ठेवा आणि दरवर्षी मोजण्याआधी गाठींमधलं अंतर टेपने तपासा, भिजून ताणली जाते.