युद्धात पडलेल्या सैनिकाचं घराणं शोधताय? या चुका टाळा

आमच्या घरी एवढंच सांगितलं जायचं, की आजीचे थोरले काका पलटणीत होते, पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी नावावरूनच शोधायला लागलो. तिथेच दोन वर्षं गेली.

लष्करी दफ्तरात शिपाई नावापेक्षा नंबर आणि पलटणीने ओळखला जातो. युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांची यादी फुकट चाळता येते, पण त्यातली नावं कारकुनाच्या कानावर पडली तशी इंग्रजीत उतरलेली आहेत. महादू, म्हादू आणि महादेव हा एकच माणूस असू शकतो, आणि एकाच नावाचे अनेक सखाराम जाधवही निघतात. म्हणून आधी घर धुंडाळा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. देव्हाऱ्यातलं पदक दिवाळीला चिंच लावून घासत असाल तर कृपा करून थांबा, ती कडच झिजते. मृताच्या घरी बशीएवढी ब्राँझची गोल पाटीही यायची. तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर नाही. तरी ती मोडीत घालू नका.

पलटणीच्या आकड्यातही फसायला होतं. 1922 साली मराठा पलटणींची फेररचना झाली. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात सापडलेली 110वी मराठा पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. म्हणजे एकाच पलटणीची तीन नावं. घरचे ‘मराठा पलटण’ म्हणत असले तरी काका सॅपर (पूल-रस्ते बांधणारा, सुरुंग लावणारा सैनिक), खेचरवाला किंवा पाणक्याही असू शकतात. मुंबई सॅपर्सचं ठाणं तर आपल्या खडकीतच.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत नाव नाही म्हणून हताश होणारे मी पाहिले आहेत. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे ते हिंदुस्थानात मरण पावलेल्यांचं. इराकमध्ये पडलेला माणूस तिथे का असेल? त्यातून हिंदू शिपायांना अग्नी दिला जायचा, म्हणजे कबर नसतेच. बसऱ्याच्या स्मारकावर नाव शोधणंही व्यर्थ आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. शिपायांची नावं कमिशनच्या यादीत मिळतात, तिथेच पाहा. आणि ‘बसरा’ या शब्दालाही चिकटून बसू नका. जुनी माणसं साऱ्या इराकच्या मोहिमेला बसराच म्हणत. फ्रान्समध्ये पडलेले न्यव्ह शापेलच्या स्मारकावर सापडतात.

गावाचं नाव मिळालं की जिल्हा तपासा. खेड पुणे जिल्ह्यातही आहे आणि रत्नागिरीतही. नोंदीत ‘सातारा’ असेल तर गाव आज सांगली जिल्ह्यात निघू शकतं, ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड.

आता सगळ्यात मोठी चूक. लोक गावच्या मृत्यू नोंदवहीत, म्हणजे नमुना नंबर 14 मध्ये शोधतात. पण मृत्यू गावात झालाच नव्हता, मग नोंद कुठून असणार? त्याऐवजी फेरफार पाहा, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही, नमुना नंबर 6. जमिनीवरून मृताचं नाव कमी करताना वारस लिहावेच लागत. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. नोंद मोडी लिपीत असेल तर वाचून देणारी माणसं पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतात.

आमच्या फेरफारात धाकट्या भावाचं नाव होतं, बायकोचं नव्हतं. काका अविवाहित होते, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. ते चूक होतं. 1937 पूर्वी एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नव्हता, फक्त पोटगी. भावाचं नाव चढलं म्हणजे बायको नव्हती असं होत नाही. तिचं नाव शोधायला तिचं माहेर गाठावं लागतं, किंवा वंशावळी सांगत फिरणारे हेळवी आणि त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या पुरोहितांच्या चोपड्या.

आम्हाला काकूंचं नाव चोपडीतच सापडलं, काकांच्या नावाशेजारी, दुसऱ्या शाईत. मुलगीही होती. तिचं सासर शोधतो आहोत.