विकलेला ट्रॅव्हल ट्रेलर पोचवायला निघण्याआधी

ट्रेलर (पिकअपमागे ओढायचं चाकांवरचं घर) विकला गेलाय, गिऱ्हाईक दोन हजार मैलांवर आहे आणि “आणून देतो” असं तुम्ही फोनवर कबूल करून बसला आहात, तर हे तुमच्यासाठी. आम्ही नवरा-बायकोने आमचा ट्रेलर न्यू जर्सीहून न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला नेऊन दिला. सेफ्टी चेन, सात पिनांचा प्लग, ब्रेक कंट्रोलर (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक लावणारं यंत्र), वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ट्रेलरच्या नाकाचं वजन बारांनी बाकीच्या चाकांवर वाटणारा जोड) हे सगळं तुम्ही हाताळलंय असं धरून लिहिते. ज्यांनी आजवर एकदाही ट्रेलर ओढलेला नाही, त्यांनी पहिलीच खेप देश ओलांडायची करू नये. ट्रान्सपोर्टरला पैसे द्या, विमानाने जा, किल्ली द्या, परत या. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुद्द्याचं. ट्रेलर आपलाच, वर्षानुवर्षं ओढलेला, त्यात आता सामानही नाही. मग त्रास कसला? असं सगळ्यांना वाटतं आणि इथेच गोम आहे. विकायला रिकामा केलेला ट्रेलर रस्त्यावर तुमच्या ओळखीचा राहत नाही.

बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये जड सामानाची जागा पुढे असते, पलंगाखालचा आडवा कप्पा. हत्यारं, जनरेटर, खुर्च्या, बिडाचे तवे, डाळ-तांदळाचे डबे, सगळं तिथे. वर्षानुवर्षं ते वजन तुमच्याही नकळत ट्रेलरचं नाक खाली दाबून ठेवत असतं. ट्रेलर विकला की सगळ्यात आधी रिकामा होतो तो हाच कप्पा. आणि गिऱ्हाइकाला “हेही देऊ, तेही देऊ” म्हणून कबूल केलेलं सामान, म्हणजे आमच्या बाबतीत ग्रिल, घडीचं टेबल, तंबू आणि दोन सायकली, जातं मागच्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, कारण मोकळी सपाट जागा तिथेच दिसते. एकूण वजन घटतं, पण बॉलवर (पिकअपमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलरचं नाक टेकतं त्यावर) येणारं वजन टक्क्यांत त्याच्या कितीतरी पट घटतं. गावाकडे बैलगाडी मागून जड भरली की उलाळ होते, जू वर उचललं जातं. इथेही तेच, फक्त ताशी ६० मैलांच्या वेगात.

नियम साधा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन बॉलवर यायला हवं. आमचा भरलेला ट्रेलर ६,३०० पौंडांचा असायचा आणि बॉलवर ८०० यायचे, म्हणजे पावणेतेरा टक्के. तो कधी हललाच नव्हता. या खेपेला आय-८१ या इंटरस्टेट महामार्गावर व्हर्जिनियाच्या शेनांडोआ खोऱ्यात एक अठरा चाकी ट्रक डावीकडून पुढे गेला. ट्रक बाजूला येताना आधी ढकलतो आणि पुढे सरकताना ओढून घेतो, हे माहीत होतं. पण या वेळी ट्रक निघून गेल्यावरही ट्रेलरची शेपटी डोलतच राहिली. आरशात आधी डावी भिंत, मग उजवी. ती थांबली, पण पुढच्या एक्झिटपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

पुढच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचा ट्रक तोलायचा काटा होता. तिथे काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण कितीतरी लोक केवळ लाजेपोटी काट्यावर जात नाहीत. तो फक्त ट्रकवाल्यांसाठी नाही. काट्याच्या वेगवेगळ्या फळ्या असतात. पिकअपची पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर येतील अशी गाडी उभी करायची. खांबावरचं बटण दाबायचं, पलीकडून आवाज आला की पहिलं वजन आहे असं सांगायचं. आत जाऊन पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची. त्याच दिवशी पुन्हा वजन करायला फार थोडे पैसे पडतात, त्यामुळे काटकसर नको.

वजन दोनदा करायचं. एकदा ट्रेलर जोडून, पण वेट डिस्ट्रिब्यूशनचे बार सैल सोडून. बार ताणलेले असले की ते बॉलवरचं थोडं वजन ट्रेलरच्या चाकांकडे परत ढकलतात आणि आकडा खोटा येतो. हे पुन्हा वाचा. बार सैल. ट्रक स्टॉपच्या आवारातच सोडायचे, रस्त्यावर नाही. मग ट्रेलर बाजूला उभा करून एकट्या पिकअपचं वजन. आमचे आकडे असे आले: जोडलेला असताना पिकअपच्या दोन्ही फळ्या मिळून ६,५९०, एकटा पिकअप ६,१६०. फरक ४३०. हेच बॉलवरचं वजन. ट्रेलरच्या फळीवर ५,३२०, त्यात हे ४३० मिळवले की ट्रेलर ५,७५० पौंडांचा. ४३० म्हणजे साडेसात टक्के. पाचशे-साडेपाचशे पौंड हलका झालेला ट्रेलर पूर्वीपेक्षा जास्त धोकादायक झाला होता, आणि हिचचे बार अजून जुन्या ८०० पौंडांच्या हिशोबानेच लावलेले होते.

दुरुस्ती त्याच आवारात झाली. मागच्या बंकवरचं सगळं सामान उचलून पुढच्या कप्प्यात. आमची पिण्याच्या पाण्याची टाकी चाकांच्या पुढे आहे, म्हणून तिच्यात ३० गॅलन पाणी भरलं. गॅलनला ८.३ पौंड धरले तर २५० पौंड झाले. पण थांबा. हे वाचून लगेच पाणी भरू नका. कित्येक मॉडेलमध्ये ही टाकी चाकांच्या मागे असते, आणि तसं असेल तर पाणी भरून तुम्ही ट्रेलर अजून उलाळ कराल. आधी टाकी कुठे आहे ते वाकून बघा. सांडपाण्याच्या टाक्याही बहुधा मागेच असतात, त्या निघण्याआधी रिकाम्या करा. मग बार नव्याने लावले. एकट्या पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजायची, ट्रेलर जोडून पुन्हा मोजायची आणि वाढलेली उंची बारांनी परत खाली आणायची. किती आणायची ते पिकअपच्या पुस्तकात दिलेलं असतं. पुन्हा काटा: ट्रेलर ६,०००, बॉलवर ७१०. पावणेबारा टक्के. पुढे ट्रक आले नि गेले, शेपटीने काही हूं केलं नाही.

पिकअपच्या दाराच्या चौकटीवरची पिवळी पट्टी मात्र विसरू नका. गाडी स्वतःवर किती वजन वाहू शकते तो आकडा तिच्यावर असतो. बॉलवर वाढवलेलं वजन त्या पट्टीवरच्या आकड्यातून जातं, माणसं आणि मागचं सामानही त्यातूनच. जाहिरातीतला “एवढे हजार पौंड ओढते” हा आकडा इथे कामाचा नाही.

आणखी एक. नाकावरची बॅटरी. आमची लिथियमची होती, महाग होती आणि विक्रीत धरलेली नव्हती. ती काढून घरी ठेवायचा मोह होतो. ट्रेलर पिकअपपासून तुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच त्याच बॅटरीवर चालतो. बॅटरीशिवाय निघालात तर तो स्विच म्हणजे नुसती तार. साधी का होईना, पण चार्ज केलेली बॅटरी हवीच.

डोलायला लागला तर काय करायचं ते आत्ताच पाठ करा, तेव्हा आठवणार नाही. पायाने ब्रेक मारायचा नाही. वेग वाढवून सरळ करायला जायचं नाही. अॅक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, त्याच्याशी भांडायचं नाही आणि हाताने ब्रेक कंट्रोलरची पट्टी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती पट्टी न बघता सापडली पाहिजे. घरासमोर गाडी उभी असतानाच बोटांना सवय करा.

सल्लागारांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. कॅम्पग्राउंडवर चाळीस वर्षं ओढतोय म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकच विचारा: तुमच्या वजनाची चिठ्ठी आहे? नसेल तर कॉफी प्या आणि या. आमच्या मंडळातल्या एका काकांनी तर “मुंबई-गोवा रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला इंटरस्टेटचं काय सांगतेस?” असं म्हणून विषयच संपवला होता. काकांबद्दल आदर आहे, पण कशेडी घाटात त्यांच्या गाडीला मागे ट्रेलर नव्हता. दुसरा आवडता शॉर्टकट म्हणजे घर्षणाचा स्वे बार, म्हणजे ट्रेलरचं डोलणं दाबणारी वेगळी दांडी. हलतोय? बार लावा. बार वाईट नाही, पण वजन चुकीचं असताना तो लावणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून फक्त ताप उतरवणं. आधी वजन, मग बार.

टायरचं थोडक्यात. ट्रेलरचे टायर नक्षी झिजून नाही, वयाने मरतात. टायरच्या बाजूला डॉट (DOT) खुणेच्या शेवटी चार आकडे असतात. १८१९ म्हणजे २०१९ चा अठरावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर आमच्यासारखे बदलूनच निघा, गिऱ्हाइकालाही ते विकतानाच सांगता येतं. चाकांचे नट निघाल्यावर ५० ते १०० मैलांत टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. प्रत्येक थांब्यावर चाकांच्या मध्याजवळ, हबजवळ, हात न्या. एकच बाकीच्यांहून जास्त तापला असेल तर पुढे जाऊ नका.

रस्ता. जर्सीहून दक्षिणेकडे निघालं की जीपीएस लाडाने आय-९५ दाखवतं. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांमधून प्रोपेनच्या टाक्या घेऊन ट्रेलर नेता येत नाही. पूर्वी लोक वळसा घालून फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात, तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून कोसळला. आम्ही आय-७८ ने पेनसिल्व्हेनियात शिरून आय-८१ धरला. ट्रक भरपूर, पण बोगदा नाही. हा रस्ता टेनेसीत डँड्रिजजवळ आय-४० ला मिळतो आणि मग मेम्फिसला मिसिसिपी ओलांडून ओक्लाहोमा, टेक्सास करत अल्बुकर्कीपर्यंत तोच. मुक्कामाला पुल-थ्रू (एका बाजूने शिरून दुसरीने निघता येणारी) जागा मागा, ट्रेलर सोडावा लागत नाही.

टेक्सास पॅनहँडलचा, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पट्ट्याचा, वारा ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. आय-४० पूर्व-पश्चिम धावतो आणि वसंतात वारा दक्षिण किंवा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे कधी पूर्ण बाजूने, कधी अर्धा बाजूने, अर्धा समोरून, सतत. ओक्लाहोमा सिटी ते अॅमरिलो २६० मैल आहेत आणि आडोसा जवळजवळ शून्य. पेट्रोलचा हिशोब कोलमडतो. गॅलनला दहा मैल देणारी गाडी सातवर येते, म्हणून टाकी निम्मी झाली की भरा. वारा दुपारी चढतो. पहाटे निघून दुपारपर्यंत गाडी लावायची हा आमचा नेम होता. हवामान खात्याने ताशी ४० मैलांवरचे झोत सांगितले की मी जागची हलत नाही. गिऱ्हाईक फोन करील, करू दे. एक दिवस उशिरा आलेला ट्रेलर कोणी नाकारत नाही.

आणि हो, घाबरून सौदा मोडू नका. वजन बरोबर असेल तर हा रस्ता सुंदर आणि बराचसा कंटाळवाणा आहे, आणि ट्रेलरच्या प्रवासात कंटाळा ही चांगली खूण. अॅमरिलोच्या पुढे जमीन नकळत चढत जाते, क्लाइन्स कॉर्नर्सपाशी सात हजार फुटांच्या आसपास पोचता. शेवटी टिहेरास कॅन्यनमधून अल्बुकर्कीकडे उतार आहे. ज्या गिअरने चढलो असतो त्या गिअरने उतरायचं, हे आपल्याकडचा कुठलाही घाटातला ड्रायव्हर सांगेल. ब्रेक थोडा लावून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही.

हे करून पैसे मिळतात हे पाहिल्यावर कोणीतरी हाच धंदा करायचं मनात आणतं. इंडियानातल्या एल्कहार्टच्या कारखान्यांतून नवे ट्रेलर देशभर पोचवणारे पिकअपवाले खरोखरच आहेत. पण दुसऱ्याचा ट्रेलर भाड्याने नेलात की तुमचा घरगुती विमा चालत नाही, आणि पिकअप-ट्रेलर मिळून १०,००१ पौंडांच्या रेटिंगला (कंपनीने ठरवलेल्या कमाल वजनाला) गेले की राज्य ओलांडताना यूएसडॉट नंबर (अमेरिकी वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक) लागतो. एच-१बी वर असाल तर विषयच सोडा. नोकरी देणाऱ्या कंपनीव्यतिरिक्त दुसरीकडचं काम त्या व्हिसावर चालत नाही, “रोखीत घेतो” म्हणणाऱ्या मित्राचं तर मुळीच ऐकू नका.

राहिली कागदपत्रं. निघण्याआधी परत न होणारा बयाणा घ्या. कर्ज फिटलेलं असेल तर टायटलवरचं (मालकीच्या सरकारी कागदावरचं) बँकेचं नाव उतरलेलं पाहिजे. विक्रीच्या कागदावर मालकी पोचवल्यानंतरच बदलते असं स्पष्ट लिहा, म्हणजे वाटेत काही झालं तर विमा कोणाचा यावर वाद नको. उरलेले पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेत उभं राहून घ्या. कॅशियर चेक छापील दिसतो म्हणून खरा नसतो. तो त्या बँकेच्याच खिडकीवर तुमच्यासमोर निघाला पाहिजे, मगच टायटलवर सही. न्यू मेक्सिकोत बाहेरच्या राज्यातल्या गाडीची व्हीआयएन (गाडीवर कोरलेला ओळख क्रमांक) तपासणी होते, तो दिवस गिऱ्हाइकाला आधीच ठरवायला सांगा. न्यू जर्सीची नंबरची पाटी काढून सोबत घ्या. ती तुमची आहे, ट्रेलरची नाही. घरी येऊन ती जमा केल्याची पावती हातात पडल्यावरच ट्रेलरचा विमा बंद करा.

हिच गिऱ्हाइकाला दिलात तर वजनाच्या चिठ्ठ्याही द्या आणि बार तुमच्या पिकअपसाठी लावलेले आहेत, त्याच्या गाडीला पुन्हा मोजून लावावे लागतील, हे कागदावर लिहून द्या. आमच्या गिऱ्हाइकाने मान हलवली आणि पाण्याची टाकी रिकामी कुठे करायची ते विचारलं. नवऱ्याने त्याला काट्याचा पत्ता आधी दिला.