गाडगीळ की कस्तुरीरंगन? मधली वाट शोधताना या चुका टाळा

पश्चिम घाटाच्या संरक्षणावरील चर्चा ग्रामसभेत होवो वा शहरातल्या परिसंवादात, ती बहुधा एकाच जागी येऊन अडते. एका बाजूला गाडगीळ समितीचे समर्थक असतात, दुसऱ्या बाजूला विकास थांबेल अशी धास्ती असते, आणि मग कोणीतरी दोन्हींच्या मधले काहीतरी स्वीकारावे असे सुचवते. ही सूचना रास्त वाटते. परंतु हा मध्य नेमका कोणत्या दोन गोष्टींमधला, हे क्वचितच तपासले जाते.

विरोधकाने रंगवलेले टोक खरे मानू नका

पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या, पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला, पण तो लोकांसमोर यायला मे २०१२ उजाडला. ‘सगळ्यावर बंदी घालणारा अहवाल’ ही त्याची प्रतिमा आजही पुसलेली नाही. प्रत्यक्षात या समितीने संपूर्ण घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानला असला, तरी त्याचे तीन स्तर केले होते आणि प्रत्येक स्तरासाठी वेगळे निर्बंध सुचवले होते. शिवाय या स्तरांच्या सीमा व नियम अंतिम न मानता ग्रामसभांपर्यंत नेऊन, तिथल्या लोकांचे म्हणणे ऐकून ठरवावेत, अशी तिची भूमिका होती. ज्या अहवालातच वाटाघाटीची जागा ठेवलेली आहे, त्याला आधी टोकाचा ठरवायचे आणि मग त्यापासून अंतर राखण्याला समतोल म्हणायचे, हे मला मुळातच अन्यायाचे वाटते. म्हणून चर्चेआधी हा आणि त्यानंतर आलेला कस्तुरीरंगन कार्यगटाचा, अशा दोन्ही अहवालांतील शिफारशींचे तक्ते तरी सर्वांनी वाचलेले असावेत.

टक्केवारीत मध्य शोधू नका

सर्वांत जास्त दिशाभूल इथे होते. गाडगीळ अहवालाचा फेरविचार करण्यासाठी ऑगस्ट २०१२ मध्ये नेमलेल्या, के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला आणि पश्चिम घाटाचे सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. ‘गाडगीळांचे शंभर टक्के, विरोधकांचे शून्य, तर सदतीस हा व्यवहार्य मध्य’ असा हिशेब त्यावरून सहज मांडला जातो. पण दोन्ही समित्यांनी मोजलेला घाटच एक नव्हता: गाडगीळ समितीच्या सीमेत सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर येत होते, तर कार्यगटाच्या सीमेत सुमारे १,६४,०००. एकीने नऊ बाय नऊ किलोमीटरच्या चौकोनांवर काम केले. दुसऱ्याने गाव हे एकक धरून, ज्या गावाचे किमान २० टक्के क्षेत्र संवेदनशील आहे ते अख्खे गाव यादीत घेतले. पाया आणि एकक वेगळे असताना टक्क्यांची तुलना करून हाती काहीच लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सौम्य आणि कडक अशी एकच पट्टी इथे नाही. कार्यगटाने क्षेत्र कमी केले खरे, पण त्या क्षेत्रात खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर सरसकट बंदी सुचवली. गाडगीळ समितीच्या शिफारशी मात्र स्तरानुसार बदलत होत्या. कोकणात घराला चिरा, म्हणजे खाणीतून काढलेला जांभा दगड लागतो, त्यामुळे हा फरक तिथल्या माणसासाठी कागदावरचा राहत नाही. ‘मधला’ मानलेला अहवाल एखाद्या मुद्द्यावर अधिक कडक असू शकतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय कोणत्याही बाजूला हात वर करू नये.

सगळे प्रश्न एकाच मतदानात कोंबू नका

लोहखनिजाची खाण, औष्णिक वीजप्रकल्प, वीस हजार चौरस मीटरचे बांधकाम, घरासाठीचा चिरा आणि शेतीतील रसायने हे पाच वेगळे प्रश्न आहेत. त्यांवर एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ मागितले, की चिऱ्याची चिंता असलेला शेतकरी नकळत खाणमालकाच्या रांगेत उभा राहतो. प्रश्न सुटे केल्यास काहींवर लगेच एकमत होण्याची शक्यता वाढते, आणि खरा मतभेद उरतो तिथे वेळ देता येतो.

लांबणीवर टाकण्याला समतोल समजू नका

घाटातील संवेदनशील क्षेत्र ठरवणारी केंद्र सरकारची पहिली मसुदा अधिसूचना मार्च २०१४ मध्ये निघाली आणि सहावी ३१ जुलै २०२४ रोजी, केरळच्या वायनाडमधील भूस्खलनाच्या दुसऱ्या दिवशी. एका दशकात सहा मसुदे निघाले, तरी अंतिम अधिसूचना निघाली नव्हती. या काळात संरक्षण हवे असणाऱ्यांना पक्के संरक्षण मिळाले नाही आणि घर बांधू पाहणाऱ्याला पक्का नियमही मिळाला नाही. त्यामुळे चर्चा पुन्हा अडली, तर पुढच्या बैठकीची तारीख ठरवण्याआधी एक करावे: आपल्या गावाचा नकाशा भिंतीवर लावून झरे, देवराई, तीव्र उतार आणि चिऱ्याच्या खाणी त्यावर दाखवाव्यात, आणि प्रत्येक जागेसाठी काय चालेल व काय चालणार नाही, हे ग्रामसभेच्या ठरावात स्वतंत्रपणे लिहावे.